खटला नाही, शिक्षा नाही, सुटकाही नाही

मचांग लालुंग हा आसामच्या मोरीगाव भागातला, तिवा या आदिवासी जमातीतला तरुण. १९५१ साली पोलिसांनी त्याला पकडले तेव्हा त्याचे वय तेविशीच्या आसपास होते. आरोप असा की कुणाला तरी गंभीर दुखापत केली. भारतीय दंड संहितेचे कलम ३२६. अटकेनंतर त्याची रवानगी तेजपूरच्या मनोरुग्णालयात झाली. १९६७ साली रुग्णालयाने लिहून दिले की हा माणूस आता खटल्याला सामोरा जाऊ शकतो. मग खटला चालला असेल असे तुम्हाला वाटेल. खटला चालला नाही, आणि त्याला सोडलेही नाही. उचलून गुवाहाटीच्या तुरुंगात नेऊन टाकले. तिथून तो बाहेर आला २००५ साली, सत्त्याहत्तर वर्षांचा म्हातारा होऊन, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने लक्ष घातले म्हणून आला, नाहीतर तिथेच संपला असता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला तीन लाख रुपये भरपाई आणि महिना हजार रुपये द्यायला सांगितले. भागाकार करून बघा. चोपन्न वर्षांच्या कैदेचे दिवसाला पंधरा रुपये पडतात. २००७ साली तो गेला.

कलम ३२६ खाली दोषी ठरला असता तर? जास्तीत जास्त जन्मठेप, नाहीतर दहा वर्षांपर्यंत कैद. जन्मठेपेच्या कैद्याचाही चौदा वर्षांनंतर सुटकेसाठी विचार होतो. म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असता तर हा माणूस चाळिशीच्या आत घरी परतला असता. तो गुन्हेगार ठरला नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

आता कुणी म्हणेल, आसामची गोष्ट, जुनी गोष्ट. मग १९८२ सालचा वीणा सेठी विरुद्ध बिहार राज्य हा निकाल वाचा. हजारीबागच्या मध्यवर्ती कारागृहात ‘वेडे’ म्हणून ठेवलेले कैदी वीस-वीस, तीस-तीस वर्षे आत होते. त्यांतले काही बरे झाले अशी नोंद सरकारी कागदावरच होती, तरी पुढची वर्षानुवर्षे आतच. न्यायमूर्ती भगवतींनी सरकारला झापले. १९९३ साली शीला बारसे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्यांच्यावर कसलाही गुन्हा नाही अशा मनोरुग्णांना तुरुंगात डांबणे बेकायदेशीर आणि घटनाबाह्य आहे. हे न्यायालयाला सांगावे लागले, यातच सगळे आले. त्या काळात बंगालच्या तुरुंगांत निव्वळ आजारी माणसे कैदी म्हणून राहत होती.

आम्ही हा विषय आज काढतो आहोत कारण आपल्या चळवळीत तो कुणी काढत नाही. अॅट्रॉसिटी, आरक्षण, शिष्यवृत्ती, जमिनीचे प्रश्न, यांवर आपण रस्त्यावर येतो आणि आलेच पाहिजे. पण ‘मनोरुग्ण आरोपी’ म्हटले की आपल्यातलेच कार्यकर्ते दोन प्रकारे बोलतात. पहिला म्हणतो, हा डॉक्टरांचा विषय आहे, यात जात कुठे आली? दुसरा म्हणतो, मनोरुग्ण म्हणजे पळवाट, आमच्या पुतळ्यांची विटंबना करणाऱ्याला पोलिस मनोरुग्ण ठरवून सोडतात. पहिल्याचे म्हणणे चूक आहे. दुसऱ्याचा राग शंभर टक्के खरा आहे, पण त्या रागातून काढलेला निष्कर्ष आपल्याच माणसांच्या गळ्याशी येणारा आहे. दोघांनाही उत्तर द्यायचे तर आधी कायदा काय म्हणतो ते बघितले पाहिजे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे सत्ताविसावे प्रकरण, कलम ३६७ ते ३७८. १ जुलै २०२४ आधी हेच प्रकरण फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३२८ ते ३३९ म्हणून होते. नवे कायदे आणताना वसाहतवादी खुणा पुसल्याचा मोठा गाजावाजा झाला. हे प्रकरण मात्र थोड्याफार शब्दबदलासह जसेच्या तसे पुढे आले.

त्याचा गाभा असा. आरोपी मनोविकल आहे, म्हणजे आपल्यावरचा आरोप काय, बचाव कसा करायचा, हेच त्याला समजत नाही असे न्यायालयाला दिसले, तर डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायची. तसे निघाले तर खटला तहकूब करायचा. इथपर्यंत तक्रार करण्यासारखे काही नाही. ज्याला प्रश्न कळत नाही त्याच्यावर खटला चालवणे हा अन्यायच. उलट २००८ च्या दुरुस्तीने यात एक चांगली गोष्ट आणली: खटला तहकूब करण्याआधी न्यायालयाने आरोपीच्या वकिलाचे ऐकायचे, कागदपत्रे तपासायची, आणि मुळात प्रथमदर्शनी पुरावाच नसेल तर तहकूब न करता त्याला सोडून द्यायचे. लालुंगच्या वेळी ही तरतूद असती आणि कुणी ती वापरली असती, तर तो बहुधा त्याच वर्षी घरी गेला असता. आता ती आहे. पण आपल्या जिल्ह्यातल्या किती वकिलांनी ती एकदा तरी वापरली आहे? आपल्याच वकील मित्रांना विचारून बघा.

खरी गंमत पुढे आहे. खटला तहकूब झाला, आता माणसाचे काय करायचे? कलम ३६९ म्हणते, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, त्याला जामिनावर सोडा. वाचताना छान वाटते. पण सोबत अटी आहेत. त्याला रुग्णालयात दाखल करून उपचार करण्याची गरज नसली पाहिजे, आणि कुणीतरी ‘मित्र किंवा नातेवाईक’ पुढे येऊन हमी दिली पाहिजे की मी याला नियमित बाह्यरुग्ण विभागात नेईन आणि हा स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही याची जबाबदारी घेईन. हमी देणारा नसेल तर जिथे मानसोपचार मिळतील अशा ठिकाणी ठेवा. किती दिवस? कायद्यात मुदत नाही. बरा होईपर्यंत. बरा झाला हे कुणी कळवायचे? ज्यांच्या ताब्यात तो आहे त्यांनी.

‘मित्र किंवा नातेवाईक’ या तीन शब्दांत जात बसलेली आहे, मित्रांनो. वरच्या वर्गातल्या घरचा मुलगा आजारात काही करून बसला तर दुसऱ्या दिवशी खासगी मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला, नावाजलेला वकील, आणि हमी द्यायला डॉक्टर मामा किंवा निवृत्त अधिकारी काका हजर असतात. तो घरी जातो, गाडीतून दवाखान्यात जातो. आणि पारध्याचा मुलगा? ऊसतोडीला गेलेल्या आईबापाचा मुलगा? बांधकामाच्या साइटवरून उचललेला, गाव कुठले ते नीट न सांगता येणारा मजूर? त्याच्या आईकडे ऐपतीचा दाखला नाही, सातबारा नाही, तालुक्याच्या कोर्टाला यायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते. दर आठवड्याला त्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यायची हमी ती कशाच्या जोरावर देणार? ती गप्प बसते. न्यायालय लिहिते, हमी देणारे कुणी नाही. कायद्याच्या भाषेत तो ‘निराधार’ ठरतो, आणि त्या दिवसापासून त्याची तारीख लागणे बंद होते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे तुरुंगांचे आकडे दरवर्षी तेच सांगतात. देशाच्या तुरुंगांतले चारातले तीन कैदी अजून दोषी ठरलेले नाहीत. या कच्च्या कैद्यांमध्ये साधारण पाचातला एक अनुसूचित जातीचा आहे. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या १६.६ टक्के. आदिवासी आणि मुस्लिमही त्यांच्या लोकसंख्येपेक्षा जास्त प्रमाणात आत आहेत. या गर्दीतून ‘मनोरुग्ण’ म्हणून बाजूला काढलेली माणसे कोणत्या वस्त्यांमधून आलेली असतील हे समजायला आयोग नेमायची गरज नाही. ‘यात जात कुठे आली’ म्हणणाऱ्याने एकदा जामीनदारांच्या रांगेत उभे राहून यावे.

आणि निर्दोष सुटलेल्याचे तर आणखी अजब आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २२ (जुने ८४) सांगते की कृत्याच्या वेळी मनोविकलतेमुळे जो आपण काय करतो हे जाणू शकत नव्हता, त्याचा गुन्हा होत नाही. समजा खटला चालला आणि न्यायालयाने त्याला याच कारणाने निर्दोष सोडले. मग संहितेचे कलम ३७४ म्हणते, सुरक्षित ताब्यात ठेवा, किंवा हमी घेऊन नातेवाइकाच्या हवाली करा. नातेवाईक नसेल तर निर्दोष माणूस पुन्हा आत, आणि पुन्हा मुदत नाही. खून सिद्ध झालेल्याला आपण कधी सुटू याचा अंदाज असतो. निर्दोष मनोरुग्णाला नसतो.

इथे बाबासाहेबांची आठवण काढणे भाग आहे. संविधान सभेत व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून ‘योग्य न्यायप्रक्रिया’ हा शब्दप्रयोग वगळला गेला, तेव्हा अनेक सदस्य अस्वस्थ होते. त्याची काही भरपाई व्हावी म्हणून सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी नवे कलम मांडले, तेच आजचे अनुच्छेद २२. अटकेचे कारण सांगा, वकील द्या, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करा. प्रतिबंधात्मक स्थानबद्धता ही लोकशाहीतली सगळ्यात वाईट तरतूद. पण तिथेसुद्धा त्यांनी घड्याळ लावले. तीन महिन्यांच्या पुढे ठेवायचे तर सल्लागार मंडळाचे मत हवे. म्हणजे ज्याला सरकार देशाला धोकादायक समजते त्याच्याही कोठडीवर घड्याळ आहे. साध्या कच्च्या कैद्यासाठीही संहितेचे कलम ४७९ आहे: फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, निम्मी शिक्षा भोगली की सुटका, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश, आणि तसा अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकाची. ही तरतूद मनोरुग्ण आरोपीला नाकारलेली नाही. पण तुरुंगातून रुग्णालयात गेलेला माणूस अधीक्षकाच्या त्या यादीत राहतो का? आणि ज्याचा खटलाच थांबला आहे त्याची ‘निम्मी शिक्षा’ कोण मोजत बसणार?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली जॅक्सन विरुद्ध इंडियाना या खटल्यात हा प्रश्न सोडवला. जॅक्सन हा ऐकू-बोलू न शकणारा, बौद्धिक अपंगत्व असलेला माणूस. त्याच्यावर दोन चोऱ्यांचा आरोप, एक चार डॉलरची आणि दुसरी पाच डॉलरची. तो खटल्याला कधीच योग्य होणार नाही असे डॉक्टरांचे मत, आणि राज्य म्हणत होते, योग्य होईपर्यंत ठेवू. म्हणजे नऊ डॉलरसाठी जन्मठेप. न्यायालयाने सांगितले, तो नजीकच्या काळात बरा होण्याची शक्यता आहे का हे ठरवायला लागेल तेवढाच वाजवी काळ ठेवा. शक्यता नसेल तर दिवाणी कायद्याच्या प्रक्रियेने दाखल करा, नाहीतर सोडा. अमेरिकेत सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. पण मर्यादा आखणारे हे एक वाक्य पन्नास वर्षांपूर्वी तिथे लिहिले गेले. आपल्या संहितेत ते आजही नाही.

आता उपचाराकडे येऊ. ‘अहो, त्यांच्या भल्यासाठीच ठेवतात ना?’ असे म्हणणाऱ्यांसाठी.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा कागदावर चांगला आहे, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. प्रत्येक व्यक्तीला आपल्या उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता आहे असे तो आधी धरून चालतो. संमतीवर भर देतो. संमतीविना दाखल करायचे तर पहिली मर्यादा तीस दिवसांची, त्यापुढे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची देखरेख. साखळीने बांधायला बंदी. भूल न देता विजेचे झटके द्यायला बंदी. मोफत वकिलाचा हक्क आहे, आणि तसा हक्क आहे हे त्या माणसाला सांगणे ही न्यायदंडाधिकारी, पोलिस आणि तुरुंग चालवणाऱ्याची जबाबदारी. पण त्याच कायद्याचे कलम १०३ कैद्यांसाठी आहे, आणि तिथे सूर बदलतो. न्यायालयाचा आदेश असेल तर तो दाखल करून घ्यायला पुरेसा अधिकार मानायचा. बाहेरच्या रुग्णासाठी संमती, प्रतिनिधी, मुदत, अपील. कैद्यासाठी आदेशाचा एक कागद. आत गेल्यावर औषध द्यायचे तर त्याची संमती कुणी घ्यायची, त्याने नाही म्हटले तर काय, त्याला बळजबरीने इंजेक्शन देऊन खटल्यासाठी ‘तयार’ करता येते का, याबद्दल हे कलम काहीच बोलत नाही. कायदा गप्प बसला की त्या जागी वॉर्डातला शिरस्ता चालतो, आणि त्या शिरस्त्यात आपल्या माणसाचे ‘नाही’ म्हणजे आजाराचेच एक लक्षण समजले जाते.

बळजबरीच्या औषधाचा खटल्याशी काय संबंध, असे वाटेल. जड मात्रेतल्या औषधांनी जीभ जड होते, हात थरथरतात, चेहरा दगडासारखा होतो, झापड येते. असा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तर न्यायाधीशाला काय दिसते? पश्चात्ताप नसलेला, थंड डोक्याचा गुन्हेगार. १९९२ साली रिगिन्स विरुद्ध नेवाडा या खटल्यात अमेरिकन न्यायालयाने नेमक्या अशाच कारणाने शिक्षा रद्द केली: खटला चालू असताना त्याच्या इच्छेविरुद्ध जड औषधे दिली होती आणि ती का आवश्यक हे कुणी सिद्ध केले नव्हते. २००३ साली सेल नावाच्या दंतवैद्याच्या प्रकरणात, ज्याच्यावर विम्याच्या फसवणुकीचा आरोप होता, त्या न्यायालयाने कसोटी घालून दिली. केवळ खटल्याला उभे करण्यासाठी जबरदस्तीने औषध द्यायचे तर गुन्हा तेवढा गंभीर हवा, औषधाने तो योग्य होण्याची भक्कम शक्यता हवी, औषधाने बचावावर परिणाम होता कामा नये, दुसरा सौम्य मार्ग नसला पाहिजे, आणि वैद्यकीयदृष्ट्या ते त्याच्या हिताचे हवे. ही कसोटी पुरेशी आहे की नाही यावर वाद होऊ शकतो. पण वाद घालायला कसोटी आहे. आपल्याकडे वादही नाही.

आणि ‘वेड’ ठरवण्याचा अधिकार नेहमीच निष्पाप हातांत असतो, असे कुणी समजू नये. १८५१ साली कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने पळून जाणाऱ्या गुलामांना एक मानसिक रोग होतो असे जाहीर केले आणि त्याला भारदस्त ग्रीक नावही दिले. मालकापासून पळणे हाच रोग! १९६० च्या दशकात नागरी हक्कांची चळवळ पेटली तेव्हा संतापलेल्या काळ्या पुरुषांवर स्किझोफ्रेनियाचा शिक्का कसा बसत गेला, ते जोनाथन मेट्झल या मानसोपचारतज्ज्ञाने मिशिगनमधल्या आयोनिया येथील ‘गुन्हेगार वेड्यांच्या’ रुग्णालयाच्या जुन्या नोंदी चाळून दाखवले आहे. आपल्याकडे इंग्रजांनी १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला, १८७१ साली गुन्हेगार जमातींचा. एकाने माणसे जन्माने गुन्हेगार ठरवली, दुसऱ्याने डोक्याने बिघडलेली. १९१२ च्या कायद्यात तर ‘गुन्हेगार वेडा’ ही व्याख्याच होती. शब्द गेले, कुणाकडे पाहिल्यावर शिपायाच्या मनात दोन्ही शब्द एकदम येतात, ते आपल्या वस्तीला माहीत आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीनिहाय कामाची वाटणी रद्द केली. संविधान लागू होऊन पंचाहत्तर वर्षे होत आली तरी झाडूचे काम कोणाचे ते नियमावलीत छापलेले होते. त्याच तुरुंगाच्या दवाखान्यात मनाची तपासणी जात विसरून होते, यावर आम्ही विश्वास ठेवायचा?

आता दुसऱ्या मित्राकडे, ज्याचा राग खरा आहे.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पकडलेला इसम मनोरुग्ण आहे असे पोलिसांकडून सांगितले गेले. दुसऱ्या दिवशी उद्रेक झाला आणि मग भीमवस्त्यांमध्ये धरपकड. त्यात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. ज्याच्या डोक्यात कायदा शिकायचे वेड होते तो गेला, आणि विटंबनेच्या चौकशीवर ‘मनोरुग्ण’ या एका शब्दाचे पांघरूण. राग येणार नाही तर काय होणार?

पण त्या रागात आपण काय मागणी केली? ‘मनोरुग्ण वगैरे काही नाही, ही पळवाट बंद करा.’ आमचे म्हणणे आहे, ही मागणी आपण चुकीच्या पत्त्यावर पाठवली. पळवाट कायद्यात नाही, ती पोलिसांच्या पत्रकार परिषदेत आहे. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ३ वाचा. मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणी मनोविकल ठरत नाही. तसे सक्षम न्यायालयाने जाहीर करावे लागते. त्याच कलमात हेही आहे की कुणाच्या सामाजिक किंवा आर्थिक स्थितीवरून, राजकीय मतांवरून, समाजाच्या रूढींशी न जुळण्यावरून आजार ठरवता येणार नाही. म्हणजे ठाण्याच्या निरीक्षकाला ‘मनोरुग्ण’ म्हणून फाइल गुंडाळायचा अधिकारच नाही. त्याने आरोपीला न्यायालयात उभे करायचे, न्यायालयाने तपासणीचा आदेश द्यायचा, अहवाल उघड्या सुनावणीत यायचा, फिर्यादीच्या बाजूला त्याला आव्हान देता आले पाहिजे. शिवाय माणूस खरोखर आजारी निघाला तरी त्याला कुणी चिथावले, कुणी पाठवले, हा तपास थांबत नाही. आपण मागायचे ते हे. कलम ३६७ पूर्ण वापरा, अर्धे नको.

कारण ‘पळवाट बंद करा’ या घोषणेने सरकारने उद्या खरेच कायदा कडक केला, तर त्यात अडकणार कोण? पुतळा फोडणाऱ्याला वाचवणारे हात त्याला तेव्हाही वाचवतील. अडकेल तो लालुंग. एकाच शब्दाचा वापर बघा: वरच्यांच्या कामाच्या माणसाला ‘मनोरुग्ण’ म्हटले की तो चौकशीतून बाहेर, आणि आपल्या माणसाला म्हटले की तो जगातूनच बाहेर. आपण त्या शब्दावर न्यायालयाची, वकिलाची आणि घड्याळाची पहारेदारी मागितली तर दोन्ही खेळ एकदम बंद होतात.

पीडितांचे काय, असा प्रश्न कुणी विचारेल. बरोबर विचारेल. आपण पीडितांचाच समाज आहोत. पण ज्या बाईचा नवरा एखाद्या आजारी माणसाच्या हातून मेला, तिला मारणारा बेमुदत कोंडल्याने काय मिळते? खटला झाला नाही म्हणजे घडले काय ते तिलाही कधी कळले नाही. नीट उपचार, ठराविक मुदतीत फेरतपासणी, तो योग्य झाला तर ताबडतोब खटला, हे तिच्याही फायद्याचे आहे. आजारी माणसाला उपचार नकोत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आपल्या वस्तीत मानसोपचार पोहोचतच नाहीत, अंगात आले म्हणून देवर्षाकडे नेतात, आणि पहिला डॉक्टर भेटतो तो अटकेनंतर. हा खरा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ‘अॅक्युज्ड एक्स’ या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, शिक्षेनंतर गंभीर मानसिक आजार जडलेल्या कैद्याची फाशी रद्द केली आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी राज्यावर टाकली. भयंकर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला जर न्यायालय एवढा माणूस समजते, तर ज्याच्यावर काही सिद्धच झालेले नाही त्याला का नाही?

आपण येरवड्याला जातो तेव्हा पुणे कराराची आठवण काढतो. २४ सप्टेंबर १९३२. त्याच येरवड्यात कारागृह आहे आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे बाकीची तीन. या चार ठिकाणी न्यायालयाच्या आदेशाने ठेवलेले किती जण आहेत, कधीपासून, कोणत्या कलमाखाली, शेवटची तारीख कधी लागली, त्यांना वकील आहे का, हे विचारायला आपल्यापैकी कोण गेले आहे?

तेव्हा काम सांगतो. कलम १०३ मध्ये एक मजेदार तरतूद आहे. प्रत्येक तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी पुनर्विलोकन मंडळाला अहवाल पाठवायचा, आणि त्यात प्रमाणित करायचे की आपल्या तुरुंगात मानसिक आजार असलेला एकही कैदी नाही. हो, ‘नाही’ असेच प्रमाणित करायचे. खच्चून भरलेल्या तुरुंगात एकही आजारी नाही, असा दाखला दर तिमाहीला! असेल तर मंडळ येऊन विचारू शकते, याला उपचारासाठी का हलवले नाही. शिवाय रुग्णालयात ठेवलेल्या प्रत्येकाचा दर सहा महिन्यांनी विशेष अहवाल आदेश देणाऱ्याकडे जायला हवा, आणि राज्यातल्या किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना उभी राहायला हवी. हे कागद एकतर आहेत किंवा नाहीत. दोन्ही उत्तरे आपल्या कामाची.

माहिती अधिकाराचे अर्ज टाका. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट. पहिला अर्ज जिल्हा कारागृहाला: मागच्या आठ तिमाहींच्या अहवालांच्या प्रती. दुसरा जवळच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला: न्यायालयाच्या आदेशाने दाखल असलेल्यांची संख्या, दाखल झाल्याची वर्षे, कलमे आणि प्रवर्ग. नावे मागू नका. ती माणसे आजारी आहेत, त्यांची नावे आपल्यालाही फेसबुकवर मिरवायची नाहीत. तिसरा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला: यांच्यापैकी किती जणांना वकील दिला. दुसऱ्या अर्जाच्या डोक्यावर ‘व्यक्तीच्या जीविताशी व स्वातंत्र्याशी संबंधित माहिती’ असे ठळक लिहा. मग कलम ७(१) प्रमाणे उत्तराची मुदत तीस दिवसांची राहत नाही, अठ्ठेचाळीस तासांची होते. उत्तरे आली की आम्हाला पाठवा. जिल्हावार तक्ता करून उच्च न्यायालयात जाण्याची तयारी असलेले वकील मित्र वाट बघत आहेत.

जय भीम.